मासे यायच्या आधीचं पाणी

आमच्या धंद्यात मासे आल्यानंतर फारसं काही घडत नाही. मासे येतात, पोहतात, घरचे लोक पंधरा-वीस दिवस कौतुकाने बघतात आणि मग पुन्हा टीव्ही लावतात. जे काय घडायचं ते त्याच्या आधी घडतं. रिकामी काच घरात येते, पाणी भरलं जातं, फिल्टर सुरू होतो, आणि मग आम्ही सांगतो की आता थांबा. काही आठवडे नुसतं पाणी फिरू द्या, मासे नंतर. हे ऐकलं की माणसं बदलतात. बँकेत, दवाखान्यात, आरटीओत निमूट थांबणारी माणसं पाण्यासाठी थांबायला तयार नसतात.

मी आणि माझी नणंद रेखाताई. नाशिक रोडला आमचं फिशटँकचं दुकान आहे. टाकी विकायची, घरी जाऊन बसवायची, पाणी तयार करून द्यायचं, ही सगळी कामं आम्ही दोघीच करतो. रेखाताई व्हॅन चालवतात, टाकी बसवतात आणि गरजेपुरतं बोलतात. उरलेलं मी बोलते. दुपारी दुकान शांत असलं की शेजारच्या ब्लाउजवाल्या वहिनी आणि मेडिकलवाली सीमा चहाला येतात आणि विचारतात, या आठवड्यात कोणाचं काय झालं? असे किस्से साठत गेले. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, ते आता मलाही सांगता येणार नाही.

* * *

जाधवकाका रिटायर झाले आणि त्यांनी टाकी घ्यायचं ठरवलं. स्टँड मात्र आमच्याकडून घेतला नाही. घरी शोकेस होती, त्यांनी स्वतः ठोकलेली. तिच्यावर टाकी ठेवायची होती. आम्ही सांगितलं की पाण्याचं वजन फार असतं, भरलेली टाकी म्हणजे तीन-चार धडधाकट माणसं कायमची उभी केल्यासारखं. काकांनी शोकेसवर मूठ आपटून दाखवली. हलली नाही. आम्ही तळाला फोमची शीट घातली, टाकी ठेवली, आणि गळते का ते बघायला पाणी सोडलं.

काकू शोकेसच्या पायथ्याशी फरशीवर बसून मटार सोलत होत्या.

पाणी अर्ध्याच्या वर गेलं असेल. मी काचेचे सांधे बोटाने चाचपत होते, कुठे ओल नव्हती, मी खूश होते. रेखाताई मात्र लांब उभ्या राहून पाण्याची वरची रेघ बघत होत्या. त्या अगदी हळू म्हणाल्या, "वहिनी, नळ बंद करा."

मी नळ बंद करून बघितलं. पाण्याची रेघ डाव्या बाजूला बोटभर वर होती. आणि मी बघता बघता ती आणखी वर गेली. म्हणजे पाणी जागेवर होतं, शोकेस खाली चालली होती.

रेखाताईंनी काकूंना उठायला सांगितलं. आवाज चढवला नाही, कारण काकू दचकून शोकेसला धरून उठल्या असत्या. काकू म्हणाल्या, थांबा, एवढ्या शेंगा होऊ देत. रेखाताई म्हणाल्या, शेंगा राहू द्या, तुम्ही माझ्याकडे या. काकूंनी ताट उचललं, पदर सावरला, सालं गोळा करायला लागल्या. आतून प्लायचा करकर असा आवाज येत होता, तो त्यांनाही ऐकू आला, पण त्यांना वाटलं वरच्या मजल्यावर काहीतरी सरकवतायत.

काकांना मात्र समजलं. त्यांनी डाव्या बाजूला खांदा लावला. मी नळी तोंडात धरून पाणी ओढलं आणि दुसरं टोक मोरीकडे फेकलं. ते पाणी इतकं सावकाश जात होतं की मी आयुष्यात एवढी कशाची वाट बघितली नसेल. काकांचा चेहरा लाल झालेला. टाकी रिकामी झाली, आम्ही ती उचलून खाली ठेवली, आणि काकांनी खांदा काढला तशी शोकेस गुडघ्यात मोडावी तशी एका पायावर बसली. पाय आतून वाळवीने खाल्लेला होता.

काकूंनी ताट बाजूला ठेवलं. शोकेसकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या खिळ्याला देवाची तसबीरसुद्धा लावलेली नाही."

* * *

लासलगावच्या अलीकडे एका वस्तीवर तानाजीभाऊंचं घर आहे. द्राक्षबागवाला माणूस. मुलगी वेदिका सातवीत पहिली आली म्हणून त्यांनी टाकी कबूल केली होती. आम्ही टाकी बसवून आलो, पण पाणी त्यांनी स्वतः भरलं, विहिरीचं. त्यांचं म्हणणं, नळाच्या पाण्यात औषध असतं, आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे अमृत.

आम्ही ठरल्याप्रमाणे परत गेलो तेव्हा पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. जरा जास्तच स्वच्छ, असं रेखाताई म्हणाल्या. आम्ही माशांच्या आधी दोन-तीन गोगलगाई सोडतो. त्या पाण्यात सोडल्या तर पाचेक मिनिटांत शंखात शिरल्या आणि तळाला पडल्या. बाहेर येईनात. तानाजीभाऊ म्हणाले, "मेल्या नाय त्या, झोपल्या असतील. प्रवास झालाय लय."

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. वेदिकाचे मामा मनमाडहून भाचीसाठी मासे घेऊन आले होते. गप्पी, रंगीत, प्लास्टिकच्या पिशवीत. सकाळपासून पिशवीत होते. वेदिका धावतच गेली आणि पिशवी घेऊन टाकीपाशी आली.

रेखाताईंनी टाकीवर हात आडवा धरला. मामांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, मासे आणलेत ते काय बघायला? त्यांचं चूक नव्हतं. पिशवीतले मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पिशवीतली हवा संपत आलेली. टाकीत सोडावेत तर टाकीत काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही.

रेखाताईंनी विचारलं, पाणी कशाने भरलं? बादलीने. कुठल्या बादलीने? तानाजीभाऊंनी गोठ्यापलीकडून बादली आणली. धुतलेली, स्वच्छ. उन्हात तिरकी धरली तर तळाच्या खाचेत निळसर कड दिसली. मोरचूद. बागेवर फवारायचं औषध त्याच बादलीत कालवलं जायचं. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांब्याचा एवढासा अंश गोगलगाईला पुरतो.

आता भांडं हवं होतं. वेदिकाची आई पळत आत गेली आणि घरातली सगळ्यात चांगली वस्तू घेऊन आली. चिंचेने घासून लखलखीत केलेला हंडा. तांब्याचा. रेखाताईंनी नुसती मान हलवली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला कळेना काय चुकलं. शेवटी लाडू वळायचं मोठं स्टीलचं पातेलं निघालं. पिण्याच्या टाकीतलं पाणी, आमच्या व्हॅनमधलं थोडं जुनं पाणी, आणि आमचा एअर पंप. मासे पातेल्यात गेले. पहिले काही क्षण ते एका कुशीवर तरंगले, आणि वेदिकाने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. मग एक सरळ झाला. मग बाकीचे.

आम्ही टाकी रिकामी केली. वाळू, दगड सगळं टाकून दिलं, कारण ते तांबं धरून ठेवतं. तानाजीभाऊ घमेली उचलून बांधावर नेत होते आणि स्वतःवरच चिडले होते. वेदिका ओसरीवर बसून हे सगळं बघत होती. हुशार मुलगी. तिने वडिलांना विचारलं, "पप्पा, त्या बादलीतलं आपण द्राक्षांवरच मारतो ना?"

तानाजीभाऊंनी घमेलं उचललं आणि पुन्हा बांधाकडे गेले.

* * *

कळवणला एका लहान मुलांच्या डॉक्टरांचा नवा दवाखाना होता. वेटिंग रूममध्ये टाकी, म्हणजे मुलं रडणार नाहीत. टाकी वेळेत बसवली, पण उद्घाटनाची तारीख अलीकडे आली आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की त्या दिवशी टाकीत मासे दिसले पाहिजेत.

नव्या पाण्यात मासे सोडले तर ते स्वतःच्याच घाणीने मरतात. ती घाण खाऊन संपवणारे जिवाणू पाण्यात तयार व्हायला आठवडे लागतात. घाई असेल तर एकच मार्ग आहे. जुन्या टाकीच्या फिल्टरमधला काळा, चिकट स्पंज न धुता न्यायचा आणि नव्या टाकीत घालायचा. त्यात ते जिवाणू भरलेले असतात. फक्त त्यांना सतत हवा लागते. वाटेत हवा मिळाली नाही तर मरतात, आणि मेले तर तोच स्पंज विष होतो.

आम्ही दुकानातल्या सगळ्यात जुन्या टाकीतला स्पंज बादलीत घातला, बॅटरीचा पंप लावला आणि निघालो. वणीच्या पुढे पंप बंद पडला. मी बॅटरी बदलली, झटकली, दातांनी पत्रा वाकवला. नाही म्हणजे नाही. मग मी स्टीलचा तांब्या घेतला आणि बादलीतलं पाणी वर घेऊन उंचावरून परत बादलीत ओतायला लागले, म्हणजे हवा मिसळते. घाटात, वळणावर. निम्मं पाणी माझ्या साडीवर.

कळवणच्या अलीकडे कांद्याचा लिलाव. ट्रॅक्टरची रांग हलेना. माझा हात भरून आला होता, पाण्याला वास यायला लागला होता, आणि डॉक्टरांचे फोनवर फोन. रेखाताई खाली उतरल्या आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या की आमच्या गाडीत जीव आहेत, वाट द्या. तो खाली उतरून आला, मागचं दार उघडून बादलीत डोकावला. काळं पाणी, काळा स्पंज, आणि तांब्याने पाणी ओतणारी मी.

"कोठे शेतस जीव?" त्याने अहिराणीत विचारलं, कुठे आहेत म्हणून.

मी म्हटलं, दिसत नाहीत, पण लाखो आहेत.

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग तो गेला, ट्रॅक्टर आणि ट्रॉली शेतात उतरवली, आणि पुढच्यालाही हात करून बाजूला घ्यायला लावलं. आम्ही जाताना मला त्याचं बोलणं ऐकू आलं. तो दुसऱ्याला सांगत होता की जाऊ दे, बाईला दवाखान्यातच नेतायत.

* * *

इंदिरानगरची प्राजक्ता नवी सून. टाकी तिची, माहेरहून पैसे साठवून घेतलेली, आणि त्या घरात तिची अशी तेवढीच वस्तू होती. महिनाभर ती पाणी तपासत होती. दर दोन दिवसांनी नळीतल्या पाण्याच्या रंगाचा फोटो मला पाठवायची. शेवटी पाणी जमलं. रविवारी मासे आणायचे ठरले.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. ती रडत नव्हती, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. म्हणाली, "तुम्ही येता का?" एवढंच.

आम्ही गेलो तर टाकी चकाचक. वाळू पांढरीशुभ्र, दगड चमकणारे, फिल्टरचा स्पंज नवाकोरा दिसणारा आणि गॅलरीत चिमट्याला वाळत घातलेला. सासूबाईंनी उद्या मासे येणार म्हणून सगळं काढून भांड्यांच्या साबणाने घासलं होतं. सकाळपासून कंबर मोडून. प्राजक्ता ऑफिसमधून आली तेव्हा त्या कौतुकाची वाट बघत होत्या.

दोघी समोरासमोर बसलेल्या. नवरा दाराशी, आत यावं की बाहेर जावं या विचारात. प्राजक्ता म्हणाली, मुद्दाम केलंत. सासूबाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, एवढ्या घाणीत मासे आणायचे होते का? प्राजक्ता उठून आत गेली, आणि कपाट उघडल्याचा, बॅग ओढल्याचा आवाज आला.

मी सासूबाईंना समजवायला गेले. जिवाणू, नायट्रेट, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण कान आतल्या आवाजाकडे. शेवटी रेखाताई म्हणाल्या, "काकू, ती घाण नव्हती. जुन्यातलं थोडं नव्यात घालायचं, मग ते लागतं."

सासूबाई एकदम उभ्या राहिल्या. "म्हणजे विरजण," त्या म्हणाल्या. "मग विरजण आहे असं सांगायचं ना मला. विरजण मी धुतलं असतं का?"

त्यांनी स्वयंपाकघरातून वाटी घेतली आणि चपला घालून जिना उतरल्या. तळमजल्यावर एकांकडे जुनी टाकी होती, त्यांच्याशी या बाईंचं पार्किंगवरून बोलणं बंद होतं हे आम्हाला नंतर कळलं. पंधरा मिनिटांनी त्या परत आल्या. वाटीत काळं पाणी आणि स्पंजचा तुकडा. वर ताटली झाकलेली. त्या सरळ आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि बंद दाराला म्हणाल्या, "आणलंय गं. कशात घालू ते सांग."

जरा वेळाने कडी निघाली.

* * *

एक गिऱ्हाईक असं होतं ज्याने थांबायचं नाव घेतलं नाही. नाव नको सांगायला, भला माणूस आहे. बायको कामासाठी परगावी असते, तो आणि पाच वर्षांची मुलगी घरी. मुलीच्या वाढदिवसाला टाकी घेतली आणि त्याच दिवशी दुसरीकडून एक पांढरा गोल्डफिश आणून सोडला. पाठीवर नारिंगी ठिपका. मुलीने त्याचं नाव बटाटा ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आमचं शटर उघडायच्या आधी दुकानासमोर उभा. तसाच मासा हवा म्हणाला, पांढरा, ठिपक्याचा. मी विचारलं, पहिल्याचं काय झालं? तो म्हणाला, मुलगी अजून उठलेली नाही, शेजारच्या मावशी बसल्यात, जरा लवकर द्या. मी सांगितलं की पाणी तयार नाही, हाही मरेल. तो म्हणाला, मरू दे, पण ती उठायच्या आत एक पाहिजे.

मी दिला नाही. तो दुसरीकडून घेऊन गेला. असं त्याने बऱ्याचदा केलं असणार, कारण एका संध्याकाळी मुलीला घेऊनच दुकानात आला, डोळ्यांखाली काळं, आणि मला म्हणाला की आता तुम्ही सांगाल तसं करतो. मी पाणी बदलायचं सामान काढत होते, आणि मुलगी काचेला नाक लावून आमचे मासे बघत होती.

ती मला म्हणाली, "काकू, बटाटाचा ठिपका रोज सरकतो. पण बाबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

* * *

उपनगरला दोन भावांचा बंगला आहे. थोरले विलासराव, धाकटा सुहास. वाटणी झाली होती, आणि ती गोडीने झाली नव्हती. हॉल मधून दुभंगला. पूर्वी जिथे दोन खोल्यांमधला मोठा दरवाजा होता तिथे आता विटा भरायच्या होत्या. गवंडी ठरलेला होता.

गवंडी यायच्या आधी दोघी जावा आमच्या दुकानात आल्या. एकत्र आल्या, आणि घरी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की दरवाजाच्या जागेत विटांऐवजी टाकी बसवा. खाली ओटा, वर लाकडी फळी, मध्ये काच. थोरल्या जाऊबाईंनी नवऱ्याला सांगितलं की तुमच्या बाजूने काळी फिल्म लावून घेऊ, पलीकडचं काही दिसणार नाही. धाकटीनेही आपल्या नवऱ्याला हेच सांगितलं. दोघांनीही होकार दिला, कारण पलीकडचा नको म्हणेल असं प्रत्येकाला वाटत होतं.

झाकण कुठल्या बाजूने उघडायचं यावर आठवडाभर काम अडलं. शेवटी विजेचा पॉइंट धाकट्याकडे निघाला, म्हणून झाकण तिकडे.

टाकी बसवायच्या दिवशी आमच्याबरोबर येणारे दोघे हमाल आलेच नाहीत. जाड काचेची लांब टाकी, आम्हा दोघींना पेलणारी नव्हती. थोरले इकडून, धाकटा तिकडून, असे उभे राहिले. दोघांमध्ये बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. विलासराव मला म्हणाले, त्याला सांगा डावीकडे घ्यायला. मी काचेपलीकडे तोंड करून सांगितलं. सुहास म्हणाला, त्यांना सांगा घेतलंय. मी इकडे सांगितलं. असं करत टाकी ओट्याच्या कडेपर्यंत आली. रेखाताई वाकून फोमची शीट सारखी करत होत्या, दोन्ही हात टाकीखाली.

तेवढ्यात विलासरावांचा तळहात घामाने सुटला. टाकीचा कोपरा खाली आला.

"सुहास, हात आहेत बाईंचे," विलासराव ओरडले.

सुहासने छातीवर भार घेतला. टाकी हवेत थांबली. त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. रेखाताईंनी एक हात काढला, मग दुसरा, आणि शांतपणे म्हणाल्या की आता ठेवा. दोघांनी ठेवली. सुहासच्या बनियनवर काचेच्या कडेची रेघ उमटली होती. विलासरावांनी ती बघितली. मग मला म्हणाले, त्याला सांगा पाणी पिऊन घे म्हणावं.

पाणी भरलं, वाळू, लाकूड, थोडी पानं लावली, आणि थांबायला सांगून आम्ही आलो. काळी फिल्म व्हॅनमध्येच राहिली होती. मी ती लावायला गेले तर विलासराव म्हणाले, आज नको, ऊन आलंय, फुगे येतील. पुढच्या खेपेला ढग होते, तर म्हणाले, आज अमावस्या आहे. सुहासकडे गेले, तर तो म्हणाला आधी त्यांची लावून होऊ दे. टाकीत काहीच नव्हतं. नुसतं स्वच्छ पाणी. पण मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा दोन्हीकडच्या खुर्च्या टाकीकडे तोंड करून असायच्या.

पाणी तयार झालं. मी विलासरावांना फोन केला, मासे आणू का? ते म्हणाले, घाई काय आहे? मी सुहासला केला. तो म्हणाला, दादा काय म्हणाला?

शेवटी जावांनी दिवस ठरवला. आम्ही मासे घेऊन विलासरावांच्या दाराशी गेलो, कारण माशांचे पैसे त्यांनी द्यायचे ठरलं होतं. आत गेल्यावर लक्षात आलं की झाकण तर पलीकडून उघडतं. बाहेर पडून, अंगणाला वळसा घालून, दुसऱ्या फाटकाने जावं लागणार. मी पिशवी उचलली. विलासराव म्हणाले, "द्या इकडे, मी धरतो."

ते आमच्याबरोबर चालायला लागले. अंगणातून, फाटकातून, सुहासच्या पायरीपर्यंत. तिथे ते थांबले. धाकट्या जाऊबाईंनी दार आधीच उघडं ठेवलं होतं. त्या बाजूला झाल्या. विलासरावांनी चपला काढल्या आणि आत आले.

सुहास टाकीपाशी उभा होता. त्याने झाकण उघडलं. रेखाताईंनी सांगितलं की पिशवी अशीच पाण्यावर ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. धरायची गरज नाही, ती आपोआप तरंगते. विलासरावांनी पिशवी पाण्यावर ठेवली, पण तिचं तोंड काही सोडलं नाही. हात टाकीवर, नजर पाण्यात. काचेच्या पलीकडून, त्यांच्याच हॉलमधून, त्यांची बायको आमच्याकडे बघत होती.

रेखाताईंनी पाण्यात बोट बुडवून बघितलं, पिशवीला हात लावून बघितला, आणि म्हणाल्या, झालं, सोडा आता.

विलासरावांनी धाकट्याकडे बघितलं. सुहासने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि भावाच्या मागे आणून ठेवली.

"अजून थोडा वेळ धर, दादा," तो म्हणाला.